मूत्रपिंडविकारांचे वैद्यकीय प्रशिक्षण : वेळेवर ओळखण्याची विद्या

मूत्रपिंड हा फारशी तक्रार न करणारा अवयव आहे. हृदय बिघडले तर छातीत कळ येते, फुप्फुस बिघडले तर दम लागतो. मूत्रपिंडांची निम्म्याहून अधिक क्षमता नाहीशी झाली तरी माणूस शेतात, कचेरीत, स्वयंपाकघरात नेहमीसारखाच वावरत असतो. भूक मंदावणे, पायांवर सूज येणे, अंगाला खाज सुटणे, मळमळ, थकवा ही लक्षणे बहुधा उशिरा दिसतात आणि तीही इतकी सर्वसाधारण असतात की त्यांचे खापर वयावर किंवा कामाच्या शिणावर फोडले जाते. अनेक रुग्णांना आपल्या आजाराचे नाव पहिल्यांदा कळते ते तातडीच्या डायलिसिसची वेळ आल्यावर.

रुग्ण जे सांगू शकत नाही ते डॉक्टरांनी शोधून काढणे हा मूत्रपिंडवैद्यकाचा, म्हणजेच नेफ्रॉलॉजीचा, पाया आहे. त्यामुळे या शाखेच्या प्रशिक्षणाचा विचार डायलिसिसची यंत्रे आणि प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया यांच्यापुरता मर्यादित ठेवता येत नाही. त्याचा आरंभ एमबीबीएसच्या विद्यार्थ्यापासून होतो आणि त्याची खरी कसोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात लागते.

तरुण शाखा, जुने निरीक्षण

मूत्रपिंडाच्या आजारांचे आधुनिक निदान लंडनच्या गायज् इस्पितळातील रिचर्ड ब्राइट यांच्यापासून सुरू झाले असे मानले जाते. अंगावर सूज, लघवीतून जाणारी प्रथिने आणि शवविच्छेदनात दिसणारी विकृत मूत्रपिंडे यांचा परस्परसंबंध त्यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. त्या काळची चाचणी अगदी साधी होती. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवायची. प्रथिने असली तर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते. पुढे ब्राइट यांना केवळ अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष मिळाले. एकाच प्रकारचे रुग्ण एकत्र ठेवून, त्यांची रोज तपासणी करून विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत या क्षेत्रात तेव्हापासून रुजली.

स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळण्यास मात्र विसावे शतक अर्धे उलटावे लागले. नेदरलँड्समधील कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, फिरत्या पिंपाचे डायलिसिस यंत्र वापरात आणले. १९५१ मध्ये डेन्मार्कच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या आजारी मूत्रपिंडात काय घडते आहे ते पाहता येऊ लागले. १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीशी जोडून ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे शक्य झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी संघटना स्थापन झाली.

भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने या क्षेत्रात प्रारंभीची पावले टाकली. देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७१ मध्ये तेथेच झाले. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत डॉ. के. एस. चुघ यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस या विषयाचे रीतसर अतिविशेष शिक्षण सुरू केले. भारतीय नेफ्रॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. सर्पदंश, अतिसार, संसर्ग यांमुळे होणाऱ्या मूत्रपिंडाच्या इजेचा अभ्यास ही त्या पिढीची मोठी देणगी आहे, कारण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत या कारणांना फारशी जागा नव्हती.

पदवीच्या पातळीवर : दोन स्वस्त तपासण्या

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला मूत्रपिंडाची रचना पहिल्याच वर्षी शिकवली जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळणी असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता सारा पुन्हा शरीरात शोषला जातो. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात मूत्रपिंडाची तीव्र इजा आणि दीर्घकालीन निकामीपणा हा वैद्यकशास्त्र विषयातील स्वतंत्र घटक आहे. पाठांतराऐवजी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे, यावर त्यात भर आहे.

प्रत्यक्ष करता यायला हवे ते दोन तपासण्यांचे वाचन. पहिली रक्तातील क्रिएटिनिनची, दुसरी लघवीतील प्रथिनांची. दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींचा अर्थ लावताना चूक होणे सोपे आहे.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. त्यामुळे धिप्पाड तरुणाचा १.२ आणि सत्तर वर्षांच्या कृश आजींचा १.२ हे दोन आकडे दिसायला सारखे असले, तरी अर्थाने भिन्न असतात. आजींच्या बाबतीत तोच आकडा गाळणक्षमता बरीच घटल्याचे सांगत असतो. शिवाय क्षमता निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन प्रयोगशाळेच्या ‘सामान्य’ मर्यादेतच राहू शकते. म्हणून वय आणि लिंग विचारात घेणाऱ्या सूत्राने गाळणक्षमतेचा अंदाज काढण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागावी लागते. ही क्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी असणे, किंवा लघवीत प्रथिने जाण्यासारखी हानीची खूण दिसणे, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकणे, अशी दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. तीन महिन्यांची ही अट फार महत्त्वाची आहे. एका अहवालावरून निदान होत नाही. मागचा अहवाल पाहावा लागतो, पुढचा करून घ्यावा लागतो.

लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल तर ती धोक्याची पहिली सूचना असते. मधुमेहाच्या रुग्णात ही सूचना क्रिएटिनिन वाढण्याच्या कित्येक वर्षे आधी मिळू शकते. पूर्वी या काळात रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे आणि एका औषधगटाची साथ घेणे एवढेच हाती होते. २०१९ नंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी-२ गटातील औषधे मूत्रपिंडाचा ऱ्हासही मंदावतात, असे दाखवून दिले. लवकर निदान करून हाती काही लागत नाही, हा जुना आक्षेप त्यामुळे आता टिकत नाही.

पावसाळ्याचे धडे

दीर्घकालीन आजार संथपणे वाढतो, तर तीव्र इजा काही तासांत किंवा दिवसांत होते आणि ती पुष्कळदा पूर्ण बरी होऊ शकते. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणे किंवा लघवीचे प्रमाण सहा तास अगदी कमी राहणे एवढ्यावरही ती ओळखता येते. येथे विद्यार्थ्याला एक जुना आणि भरवशाचा क्रम शिकवला जातो : दोष मूत्रपिंडापर्यंत पोहोचणाऱ्या रक्तपुरवठ्यात आहे, मूत्रपिंडातच आहे, की पुढच्या मार्गात अडथळा आहे? जुलाब-उलट्यांनी कोरड्या पडलेल्या रुग्णाला सलाइन हवे असते. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेल्या वृद्धाला मूत्रनलिका घातली की उपचाराचा मोठा भाग तेथेच पार पडतो. हे ओळखण्यासाठी ओटीपोटावर हात ठेवून फुगलेले मूत्राशय चाचपणे पुरेसे असते. तेवढे विसरले गेले तर रुग्ण विनाकारण डायलिसिसच्या वाटेला लागतो.

गोवा, कोकण आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्यात पावसाळा या विषयाची प्रात्यक्षिके घेऊनच येतो. शेतात किंवा साचलेल्या पाण्यात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे आणि मग कावीळ, अशी साखळी दिसली तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. या आजारातील मूत्रपिंडाच्या इजेचे एक वैशिष्ट्य असे की लघवीचे प्रमाण पुष्कळदा चांगले राहते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी घटते. लघवी होते आहे म्हणजे मूत्रपिंडे ठीक आहेत, हा समज येथे फसवा ठरतो. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करणे हा त्यातला मुख्य धडा.

घोणस चावल्यानंतरची इजा हा दुसरा धडा. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडांवर आघात होतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर विषबाधा झाल्याचे समजायचे. कोणत्याही आरोग्य केंद्रात करता येणारी ही चाचणी प्रतिसर्पविष कधी द्यायचे ते सांगते, आणि ते वेळेवर देण्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

तिसरा धडा वाढलेल्या पोटॅशियमचा. ते ६.५ च्या पुढे गेले तर हृदय अचानक थांबू शकते. प्रशिक्षणार्थीकडून याचा क्रम अक्षरशः घोटून घेतला जातो. आधी ईसीजी. त्यात बदल असतील तर हृदयाच्या रक्षणासाठी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट. मग पोटॅशियम पेशींमध्ये ढकलण्यासाठी ग्लुकोजसह इन्शुलिन. आणि अखेर ते शरीराबाहेर काढण्याची व्यवस्था. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, फक्त वेळ मिळतो. हा भेद ज्याला पक्का ठाऊक आहे, तोच पहाटे तीन वाजता योग्य निर्णय घेतो.

औषधांचा इतिहास विचारणे हेही याच शिक्षणाचे अंग आहे. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, त्यांच्या जोडीला रक्तदाबाची विशिष्ट औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी, असे त्रिकूट उलट्या-जुलाबांच्या काळात मूत्रपिंड बंद पाडू शकते. केरळमधील डॉक्टरांनी पारा असलेली गोरेपणाची क्रीम आणि मूत्रपिंडाच्या गाळण्यांचा एक विशिष्ट आजार यांचा संबंध नोंदवला. रुग्ण क्रीमला औषध मानत नाही. म्हणून ‘काही औषधे घेता का?’ एवढ्या प्रश्नावर थांबून चालत नाही.

अतिविशेष पदवी : तीन वर्षांची उमेदवारी

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ होण्याचा मार्ग लांबचा आहे. साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची आंतरवासिता, मग सामान्य वैद्यकशास्त्र किंवा बालरोगशास्त्रातील तीन वर्षांची एमडी किंवा समकक्ष पदवी. त्यानंतर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांचा डीएम किंवा डीआरएनबी अभ्यासक्रम. खंड न पडता हे सारे पार पडले तरी साडेअकरा वर्षे लागतात.

डीएमच्या पहिल्या महिन्यांत निवासी डॉक्टरला ज्या उपकरणाशी मैत्री करावी लागते ते म्हणजे सूक्ष्मदर्शक. ताजी लघवी यंत्रात फिरवून तळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि स्वतः पाहायचा. मातकट तपकिरी साचे दिसले तर नलिकांच्या पेशी मृत झाल्या आहेत. तांबड्या पेशींचे साचे दिसले तर गाळण्यांनाच दाह झाला आहे आणि अशा वेळी एकेक दिवस मोलाचा असतो. स्वयंचलित यंत्र पेशी मोजते, मात्र या खुणा त्याच्या नजरेतून निसटू शकतात. त्यामुळे थेंब स्वतः पाहण्याचा आग्रह चांगल्या विभागांत आजही धरला जातो.

त्यानंतर येते बायोप्सी. रुग्णाला पालथे झोपवून, सोनोग्राफीच्या साहाय्याने मूत्रपिंडाचे खालचे टोक शोधून, श्वास रोखायला सांगून क्षणात सुई चालवली जाते. हाताचे हे कौशल्य काही महिन्यांत साधते. बायोप्सी कुणाची करायची, कुणाची टाळायची, आधी रक्तदाब आणि रक्त गोठण्याची स्थिती कशी तपासायची आणि नंतर २४ तास रक्तस्रावावर लक्ष कसे ठेवायचे, हे शिकायला अधिक काळ जातो. तुकडा विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवून काम संपत नाही. त्याच्या शेजारी बसून काचपट्टी वाचणे हा शिक्षणाचाच भाग असतो.

डायलिसिस कक्ष ही या उमेदवारीची मुख्य शाळा. आठवड्यातून सहसा तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालणाऱ्या या उपचारात रुग्णाच्या रक्तासमोरून मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. म्हणजे एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी लागते. त्या पाण्यातील क्लोरामाइन किंवा ॲल्युमिनियम थेट रक्तात उतरू शकत असल्याने जलशुद्धीकरण यंत्रणेचे ज्ञान तज्ज्ञाला असावेच लागते. पहिले डायलिसिस मुद्दाम संथ आणि थोडा वेळच करायचे असते; रक्त एकदम शुद्ध केले तर मेंदूला सूज येऊ शकते. तातडीची नळी शक्यतो मानेच्या उजव्या शिरेत घालायची, गळ्याच्या हाडाखालची शीर टाळायची, कारण ती पुढे आकुंचन पावते आणि त्या हाताचा कायमचा उपयोग जातो.

हाताच्या शिरांची राखण हा तर निराळाच विषय आहे. धमनी आणि शीर जोडून केलेली फिस्टुला, जी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रथम वर्णिली, ती आजही डायलिसिसचा सर्वोत्तम मार्ग मानली जाते. ती तयार होण्यास आठवडे लागतात आणि त्यासाठी शिरा शाबूत हव्या असतात. म्हणून मूत्रपिंडविकार वाढत चाललेल्या रुग्णाच्या नेहमी न वापरल्या जाणाऱ्या हातावर सुया टोचू नयेत, हे परिचारिकांपासून सर्वांना शिकवावे लागते. पोटाच्या पडद्यातून घरच्या घरी करता येणारे पेरिटोनियल डायलिसिस अनेक प्रशिक्षण केंद्रांत कमी पाहायला मिळते. ज्या डॉक्टरने ते हाताळलेले नसते, तो पुढे रुग्णाला त्याचा पर्याय सांगायलाही कचरतो.

प्रत्यारोपण, कायदा आणि संवाद

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने संसदेला त्यासाठी राज्य विधानसभांचे ठराव लागले. असे ठराव करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेश यांच्याबरोबर गोव्याचा समावेश होता. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे यांनाही निकटच्या नातलगांत स्थान दिले. मस्तिष्कस्तंभ मृत झाल्याचे प्रमाणित करण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, ही कायद्याची अट प्रशिक्षणार्थीला तोंडपाठ असावी लागते.

कायद्यापेक्षा अवघड असतो संवाद. जिवंत दात्यांमध्ये आपल्या देशात पत्नी आणि माता यांचे प्रमाण मोठे आहे. त्या स्वेच्छेने पुढे आल्या आहेत की घरातील अपेक्षेने, हे एकांतात, घाई न करता विचारावे लागते. आणि एखादीची इच्छा नसेल तर तिला घरी दोष लागणार नाही अशा रीतीने माघारीची वाट मोकळी ठेवावी लागते. वृद्ध, अनेक व्याधींनी खचलेल्या रुग्णाला डायलिसिस न करता वेदनामुक्त ठेवणे हाही उपचाराचा एक मान्य मार्ग आहे. तो कुटुंबापुढे कसा मांडायचा हे ज्येष्ठ शिक्षक बोलत असताना शेजारी उभे राहूनच शिकता येते.

इतक्या परिश्रमांनंतरही या शाखेकडे येणाऱ्यांचा ओघ आटतो आहे. अमेरिकेत या विषयाच्या प्रशिक्षणाच्या काही जागा गेली अनेक वर्षे भरत नाहीत. भारतातही अतिविशेष प्रवेशाच्या फेऱ्यांनंतर जागा रिकाम्या राहिल्याचे दिसून आले आहे. अवघड मानला जाणारा विषय, रात्रीअपरात्रीची धावपळ आणि दीर्घकाळ आजारी रुग्णांचा मानसिक भार ही त्याची कारणे सांगितली जातात. विद्यार्थिदशेत आलेला चांगला अनुभव हा यावरचा मोठा उपाय ठरू शकतो.

गोव्यासमोरचा प्रश्न

गोव्यातील वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ मध्ये पणजीत स्थापन झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. आज बांबोळीचे गोमेकॉ ही राज्यातील वैद्यकीय शिक्षणाची प्रमुख संस्था आहे. या राज्यात मूत्रपिंडविकाराचा प्रश्न आणखी एका कारणाने गंभीर बनला आहे. काणकोण तालुक्यात असे रुग्ण लक्षणीय संख्येने आढळले आणि त्यांतील अनेकांत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब ही नेहमीची कारणे दिसली नाहीत. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि मध्य अमेरिकेतील उसाचे मळे येथेही अज्ञात कारणाचा असाच विकार कष्टकरी समाजात आढळला आहे. उष्णतेत दीर्घ श्रम आणि वारंवार होणारे निर्जलीकरण, पाण्यातील घटक, कीटकनाशके अशा अनेक शक्यतांचा अभ्यास झाला. सर्वमान्य असे एकच कारण निश्चित झालेले नाही.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या विकारातून मिळणारा बोध फार मोलाचा आहे. तो गाळण्यांऐवजी मुख्यतः नलिका आणि त्यांच्याभोवतीच्या भागाला ग्रासतो. परिणामी लघवीत प्रथिने थोडीच जातात, सूज येत नाही, रक्तदाबही पुष्कळदा फारसा वाढत नाही. मधुमेही रुग्णात आधी इशारा देणारी लघवीची पट्टी येथे बराच काळ गप्प राहू शकते आणि हानी फक्त क्रिएटिनिनमधून दिसते. म्हणजे शिबिरात केवळ लघवी तपासून ‘सारे ठीक’ असा निर्वाळा दिला, तर नेमके हेच रुग्ण हुकतील. दोन्ही तपासण्या सोबत करणे आणि ठरावीक अंतराने पुन्हा करणे, हाच मार्ग उरतो.

राज्य लहान असल्याने येथे तज्ज्ञ मोजकेच असणार, हे उघड आहे. परंतु लहानपणाचा लाभही आहे : गावातील आरोग्य केंद्र आणि बांबोळी यांच्यातील अंतर फार तर काही तासांचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करण्याची जी अट राष्ट्रीय नियमांत आहे, तिचा उपयोग अशा तपासणीच्या शिक्षणासाठी करता येण्याजोगा आहे. आंतरवासितेतील डॉक्टरला आरोग्य केंद्रात पाठवताना त्याच्याकडून चार गोष्टींची अपेक्षा ठेवली तरी पुष्कळ साधेल : मधुमेह, रक्तदाब किंवा कुटुंबात मूत्रपिंडविकार असलेल्या प्रत्येकाच्या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा करणे, आकड्याबरोबर गाळणक्षमता लिहिणे, वेदनाशामक गोळ्यांची चौकशी करणे, आणि क्षमता ३० च्या खाली गेल्यास किंवा झपाट्याने घसरत असल्यास रुग्णाला विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवणे.

वेळेवर पाठवलेल्या रुग्णाला फिस्टुला करून घेण्यास, हिपॅटायटिस-बीची लस घेण्यास, दात्याचा शोध घेण्यास आणि कुटुंबाची आर्थिक जुळवाजुळव करण्यास अवधी मिळतो. उशिरा आलेल्याच्या वाट्याला मानेतली नळी, संसर्गाचा धोका आणि घाईत घेतलेले निर्णय येतात. या दोन रुग्णांतील अंतर बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या कौशल्याने ठरत नाही. काही वर्षांपूर्वी एखाद्या साध्या दवाखान्यात कुणी मागचा अहवाल काढून आजच्या अहवालाशेजारी ठेवला होता की नाही, यावर ते ठरलेले असते.